येळवसला या

मार्गशीर्ष उतरणीला लागला की आमच्या लातूरकडच्या माणसांची जीभ सैल होते. एरवी चहाला बोलवतानाही दहादा विचार करणारा माणूस या दिवसांत रस्त्यात गाठून सांगतो, "येळवसला या." बँकेतला कारकून पासबुकावर शिक्का मारता मारता सांगतो. एसटीचा कंडक्टर तिकिटाबरोबर सांगतो. दवाखान्यात गेलं तर डॉक्टर आधी विचारतात, यंदा कुणाच्या शेतात, आणि मग खोकला किती दिवसांपासून आहे ते.

पंचांगात तिला वेळ अमावस्या म्हणतात, बोलण्यात येळवस. त्या दिवशी गाव गावात राहत नाही. सकाळीच डोक्यावर टोपली, टोपलीत भज्जी, बाजरीच्या पिठाचे उंडे, खीर, मडक्यात ताकातली आंबील घेऊन सगळे रानात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभारलेली असते, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडून पूजा होते, आंबील शिंपडत शेताला फेरी होते आणि मग जेवणं. ज्याला शेत आहे तो बोलावतो, ज्याला नाही तो जातो. खुद्द लातूर शहरात त्या दिवशी संचारबंदी लागल्यासारखी शांतता असते. दुकानांना कुलपं, रिक्षा नाहीत, गंजगोलाईच्या बाजारात कुत्री आरामात पाय पसरून झोपलेली.

मला हे दिवस सोसत नाहीत. असं म्हटलं की लोकांना वाटतं, बाईला भज्जी पचत नसेल. भज्जी मला फार आवडते. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, चिंचेचा कोळ, त्यात बेसन लावून शिजवलेली ती दाट भाजी थंड झाल्यावर तर आणखी चांगली लागते. मला सोसत नाही ते बोलावणं. परवा सकाळी मेथी निवडत बसले होते, फोन वाजला, ओळखीच्या शिक्षिका होत्या. "ताई, येळवसला या बरं का आमच्या शेतात." माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. "तुम्ही बऱ्या आहात ना?" मी विचारलं. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, "हाव, बरी हाय की. का हो?" आता त्यांना काय सांगू?

माझं बालपण नांदेड जिल्ह्यात, बिलोलीकडच्या एका गावात गेलं. आईवडील दोघं दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला. आमच्या वस्तीत एकाच्याही नावावर जमीन नव्हती. येळवसच्या दिवशी सगळं गाव रानात गेलं की वस्तीतच तेवढी माणसं उरायची, आम्ही. माझ्या आजोबांच्या काळात वस्तीतल्या बायका भांडी घेऊन बांधावर जायच्या आणि त्यांना वरून वाढलं जायचं. बाबासाहेबांच्या मागोमाग आजोबांनी धम्म घेतला आणि ते भांडं बंद केलं. माझे वडील सांगायचे, बोलावल्याशिवाय जायचं नाही. बोलावणं येत नसे. दुपारी वारा रानाकडून सुटला की शिजलेल्या हरभऱ्याचा वास वस्तीत यायचा आणि मी आईच्या मागं लागायचे, आपण का नाही करत येळवस. आई चुलीत फुंकर घालत म्हणायची, "आपल्याला कुटलं शेत, बाई?" तिच्या आवाजात राग नसायचा. पाऊस का नाही म्हणून विचारलं तर आभाळ दाखवावं, तसं ती सांगायची.

हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की ते झोपेतही आठवायला हवं होतं.

मी चाकूरला एका संस्थेत काम करते. नवऱ्याच्या, सासरच्या मारहाणीला कंटाळून आलेल्या बायकांसाठी हे काम आहे. दोन खोल्यांचं कार्यालय, बाहेर तीन पायऱ्या, समोर पानटपरी. खरं तर संस्थेत मी आणि शाहीन अशा दोघीच. तिसरी बाई यायची आणि वर्षभरात दुसरी नोकरी धरायची. शाहीन उदगीरची. आमच्याकडं येणारी बाई पहिल्यांदा कधीच मारहाणीचं बोलत नाही. ती सांगते, डोकं दुखतंय, झोप लागत नाही, पोरगी शाळेत जात नाही. शाहीन तिला पाणी देते आणि आम्ही दोघी थांबतो. थांबणं हेच निम्मं काम आहे, असं मी नव्या मुलींना सांगत असते. सांगायला मला चांगलं जमतं.

प्रत्येक बाईची एक फाइल असते आणि एका जाड नोंदवहीत तिची एक ओळ. ओळीतला शेवटचा रकाना सद्यःस्थितीचा. त्यात आम्ही तीनच शब्द लिहायचो: माहेरी, कोर्टात, नांदते. तिसरा शब्द लिहिताना बरं वाटायचं. लग्नात अक्षता टाकताना आपण जो आशीर्वाद देतो, त्यातला हा शब्द. त्यात भरलेलं घर आहे, चूल पेटलेली आहे. आमच्या रकान्यात मात्र त्याचा अर्थ एवढाच, की बाई सध्या नवऱ्याच्या घरी राहते आणि फोन उचलते.

महानंदा श्रावणात आली होती. बरोबर तिची आई आणि सहा वर्षांची गौरी. डोळ्याखाली निळं झालेलं, ते ती पदरानं झाकत होती आणि गौरी सारखा पदर ओढत होती, त्यामुळं झाकलं जात नव्हतं. नवरा एका मोठ्या शेतकऱ्याकडं सालगडी. मारण्याचं कारण मी इथं लिहीत नाही. कारण कळलं की ऐकणारा मनातल्या मनात निवाडा करायला लागतो. आम्ही पद्धतीप्रमाणं नवऱ्याला आणि सासूला बोलावलं, चार बैठका घेतल्या. नवऱ्यानं पुन्हा हात उचलणार नाही असं लिहून दिलं. महानंदाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "जाते, ताई. आई दिवाळी झाली की ऊसतोडीला जानार. मी कुटं राहू?" हे तिचं 'जाते' मी संमती म्हणून लिहून घेतलं.

सासरी परत जाणाऱ्या बाईला आम्ही एक वाक्य ठरवून देतो. आमचा फोन गेला की बहुतेक घरांत तो सासूच्या नाहीतर नवऱ्याच्या देखत उचलावा लागतो, स्पीकर लावून. बाई बोलणार काय? म्हणून हे ठरलेलं वाक्य. ती ते बोलली की आम्ही समजायचं, धोका आहे, निघा. सुरुवातीला आम्ही अगदी घरगुती वाक्यं ठरवायचो. एकीचं होतं, "गॅस संपलाय." एकदा तिनं तसं सांगितलं. आम्ही हातातलं जेवण टाकून जीप काढली, पोलीस पाटलाला घेतलं, दारात जाऊन उभ्या राहिलो, तर तिचा खरंच गॅस संपला होता. नवरा चुलीपुढं फुंकणी घेऊन बसलेला. शाहीन परतताना हसून हसून बेजार. म्हणाली, "ताई, आता सिलिंडर घेऊनच निघत जाऊ."

त्या फजितीनंतर मी जरा जास्तच शहाणी झाले. महानंदाच्या वेळी मी म्हटलं, असं वाक्य हवं की जे ती एरवी चुकूनही बोलणार नाही. बाहेर श्रावणाची भुरभुर लागलेली, मूग-उडीद तोडणीला आलेले. मी म्हटलं, "तू मला येळवसला बोलव. या दिवसांत येळवसचं नाव कोण काढतंय?" महानंदा पहिल्यांदाच हसली. पाठ केल्यासारखं म्हणाली, "ताई, येळवसला या." मी ते माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर तिच्या नावापुढं लिहून ठेवलं आणि स्वतःवर खूष झाले. तेव्हा मला एकदाही सुचलं नाही, की श्रावणानंतर मार्गशीर्षही येतो.

भाद्रपदात फोन केला, "बरी हाय." आश्विनात केला, "बरी हाय." कार्तिकात तिची आई टोळीबरोबर कारखान्याकडं निघून गेली. तेव्हाही, "बरी हाय, ताई." मी प्रत्येक वेळी रकान्यात लिहिलं, नांदते.

मग हे दिवस आले. येळवसला अजून दहा-बारा दिवस होते. मी लातूरहून चाकूरला एसटीनं येत होते. खिडकीबाहेर करडई फुलायला लागलेली, ज्वारीची कणसं भरत आलेली. त्या एकाच प्रवासात मला चार जणांनी येळवसचं बोलावणं दिलं होतं, त्यातलं एक पाटलांचं. पाटील म्हणजे चाकूरजवळचे मोठे शेतकरी. चाळीस-पन्नास माणसं सहज जेवतील अशी त्यांची येळवस. ते म्हणाले होते, "ताई, तुम्ही घरच्या. तुमच्याशिवाय ताटं मांडायची न्हाईत." कबूल करते, मला हे ऐकून भरून आलं होतं. ज्या सणाचा नुसता वास घेऊन मी मोठी झाले, त्या सणाला मला घरची म्हणून बोलावत होते. आई असती तर तिला सांगितलं असतं, असं वाटत होतं. त्याच तंद्रीत मी महिन्याचे फोन उरकायला घेतले.

"बरी आहेस ना?" मी विचारलं.

"हाव ताई, बरी हाय," महानंदा म्हणाली. मग लगेच, "ताई, येळवसला या. आमच्या शेतात या."

मी हसले. म्हटलं, "अगं, किती जणांकडं येऊ? पोट एकच आहे मला."

"या की ताई. लवकर या."

"लवकर कसं जमेल? दुपारच्या जेवणाला आले तर आले."

मग ती म्हणाली, "बरं."

फोन ठेवून मी नोंदवही काढली. एसटी खड्ड्यातून चालली होती, त्यामुळं अक्षर वेडंवाकडं आलं. ते पान अजून आहे. नांदते मधला अनुस्वार ओळीच्या बराच वर गेलाय.

येळवसच्या दिवशी मी आणि शाहीन पाटलांच्या शेतात होतो. कार्यालय बंद. घोंगडीवर बसवलं होतं आम्हाला, खोपीच्या अगदी जवळ. घरातल्या थोरल्या सूनबाई स्वतः वाढत होत्या, नको म्हटलं तरी आंबिलीचा पेला भरत होत्या. भोवती हरभरा घाट्यांनी लगडलेला. फोनला रेंज नव्हती आणि त्याचंही आम्हाला कौतुकच वाटलं, एक दिवस तरी निवांत मिळाला म्हणून. मी दोनदा भज्जी मागून घेतली. बांधापलीकडं त्यांच्या गड्याची माणसं जेवायला बसली होती, तिकडं माझं लक्ष गेलं होतं. गेलं नव्हतं असं म्हणून चालणार नाही. पाहिलं, आणि पुन्हा पंगतीतल्या बोलण्यात मिसळले.

दुसऱ्या दिवशी कुलूप उघडत होते, तेव्हा पानटपरीवाले मामा रस्ता ओलांडून आले. म्हणाले, "ताई, काल एक बाई दिसभर तुमच्या पायरीवर बसून व्हती. हात फडक्यात बांधलेला. संग लहान पोरगी. म्या म्हनलं, आज येळवस हाय, कुनी येनार न्हाई. तर म्हनली, येतेल. दिस कलला तवा गेली."

माझ्या तरीही लक्षात आलं नाही. मी टेबलाशी बसून विचार करत होते, कोण असेल. मग डायरीचं शेवटचं पान उघडलं. माझंच अक्षर, चांगलं ठसठशीत. महानंदा: येळवसला या. शाहीननं माझ्याकडं पाहिलं आणि काही न विचारता जीपची किल्ली घेतली.

घरात सासू म्हणाली, हिरीवर घसरून पडली. महानंदा भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात साडीच्या पट्टीत अडकवलेला. मनगट सुजून काळं झालेलं. मी फोन केला त्याच्या तीन दिवस आधी हे झालं होतं. येळवसला घरातली सगळी मालकाच्या शेतात कामाला गेली. हिचा हात चार माणसांना दिसायला नको म्हणून हिला घरी ठेवलं. गाव रिकामं झालं तशी ती गौरीला घेऊन निघाली, दोन तास चालत चाकूरला आली, माझ्या पायरीवर बसली. संध्याकाळी दुसरीकडं कुठं जाणार, म्हणून परत गेली. लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हाड जुळायला लागलंय, पण वाकडं. लगेच आणलं असतं तर सरळ बसलं असतं. त्यांनी हे मला उद्देशून म्हटलं नव्हतं, फाइलमध्ये लिहिता लिहिता म्हटलं होतं.

दवाखान्याकडं जाताना जीपमध्ये मी तिला म्हणाले होते, "महानंदा, तू बोललीस गं, पण मला वाटलं तू खरंच बोलावतेयस."

ती गौरीच्या डोक्यावर डावा हात ठेवून बाहेर बघत होती. म्हणाली, "आमाला कुटलं शेत, ताई?"

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं मला नुसतं समजावून सांगितलं. माझ्या आईच्याच आवाजात, आईच्याच शब्दांत. दिवस येळवसचे होते म्हणून चुकले, असं मी इतरांना सांगू शकते. पण ती म्हणाली होती, आमच्या शेतात या. सालगड्याच्या बायकोला शेत कुठून आलं, हा प्रश्न चाकूरमधल्या कुणालाही पडला नसता तरी चाललं असतं. मला पडायला हवा होता. पाटलांच्या घोंगडीवर बसायच्या ओढीत मी स्वतःचं घर विसरले होते. हात नवऱ्यानं मोडला. वाकडा राहिला तो माझ्यामुळं.

पुढचं सगळं नीट झालं, म्हणजे आमच्या भाषेत नीट. महानंदा सासरी परत गेली नाही. केस लढली, वर्षं लागली, पण लढली. लातूरला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. गौरीला त्याच वसतिगृहात जागा मिळवून द्यायला मी खटपट केली. ती हुशार निघाली. आता कॉलेजात आहे, फटकळ आहे, मला ताई म्हणते आणि माझं ऐकते. आईचं फारसं ऐकत नाही. मागं एकदा माझ्यापुढंच म्हणाली, "आईला बोलताच येत नाही, ताई. मार खाईल पण तोंड उघडणार नाही." महानंदा भाकरी थापत होती. वाकड्या मनगटानं भाकरी एका बाजूला जाड होते, ती डाव्या हातानं दाबून सारखी करते. तिनं मान वर केली नाही. मी गौरीला म्हटलं, असं बोलू नये. झालं, तेवढंच म्हटलं.

संस्थेत मी नवा नियम केला: ठरलेलं वाक्य सणाचं नको, पिकाचं नको, हवामानाचं नको. वर्षाच्या बाराही महिन्यांत विचित्र वाटेल असंच हवं. आता दर महिन्याला वाक्याची उजळणी होते आणि डायरी उशाशी घेऊन झोपावं इतकं त्याचं महत्त्व आहे. या नियमाचं फार कौतुक होतं. ठिकठिकाणच्या प्रशिक्षणांत मला तो समजावून सांगायला बोलावतात आणि मी सांगते, "एका ठिकाणी एक कार्यकर्ती होती. तिच्याकडून काय झालं, ऐका." मग मी येळवसची गोष्ट सांगते. मुली सुन्न होतात. एखादी म्हणते, कसली ताई होती ती. मी म्हणते, कामाच्या रगाड्यात होतं असं. तिच्या वतीनं मी इतक्यांदा माफी मागितली आहे, की ती ताई मला दूरच्या नात्यातली वाटायला लागली होती.

गेल्या महिन्यात किनवटला प्रशिक्षण होतं, जंगलातल्या गावांमध्ये आणि निवासी शाळांच्या वसतिगृहांवर काम करणाऱ्या मुलींसाठी. स्वतः यातून गेलेल्या कुणीतरी बोलावं, अशी मागणी होती, म्हणून मी महानंदाला विचारलं. ती आली. नांदेडहून गाडीनं गेलो. तिच्या सत्राआधी माझं सत्र होतं. सवयीनं मी बोलत गेले आणि "एका ठिकाणी एक कार्यकर्ती होती" हे शब्द तोंडातून गेल्यावर माझी नजर मागच्या भिंतीशी बसलेल्या महानंदाकडं गेली. थांबता आलं असतं. मी थांबले नाही. गोष्ट पूर्ण केली, नेहमीच्या जागी आवाज खाली आणला. मग महानंदा उठली आणि बोलली, वसतिगृहाबद्दल, केसबद्दल. फोनचा विषय तिनं काढलाच नाही.

परतताना नांदेडच्या स्टेशनवर लातूरच्या गाडीची वाट बघत होतो. तिनं डब्यातून शेंगदाण्याची चटणी-भाकरी काढून मला दिली. मग ती म्हणाली, "ताई, औंदा येळवसला या माझ्याकडं."

मी पटकन तिच्या तोंडाकडं पाहिलं. तिला कळलं. म्हणाली, "बरी हाय मी. खरंच बोलवायलेय." आणि मग चटणीचं झाकण लावत, "त्या ताईला बी घेऊन या."

हा लेख लिहायला घेतला तेव्हा अमावस्येला चार दिवस होते. जाईन की नाही, माझं ठरत नव्हतं. काल येळवस झाली.

सकाळी लातूरला उतरले. रस्ते नेहमीसारखे ओस. महानंदाची खोली एका तिमजली घराच्या वरच्या अंगाला आहे. गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकवून तिनं कडब्याच्या चार-पाच पेंढ्या उभ्या केल्या होत्या. बाजारातून विकत आणलेल्या. आंबील स्टीलच्या डेचकीत. शेत म्हणून दोन डब्यांत मेथी आणि कोथिंबीर उगवलेली. गौरी सतरंजी अंथरत होती आणि आईला चिडवत होती, "खालचे लोक म्हणतील, हिनं टाकीवर म्हैस पाळली."

महानंदानं ताटं मांडली. चार.

"चौथं कुणाचं?" गौरीनं विचारलं.

"एक ताई येनार व्हत्या," महानंदा म्हणाली आणि माझ्याकडं पाहू लागली.

मी म्हटलं, "ती मीच होते, महानंदा."

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "हिला ठाव न्हाई."

तेव्हा मला कळलं की तिनं मला कशासाठी बोलावलं होतं. इतकी वर्षं तिनं मुलीला त्या वाक्याबद्दल सांगितलंच नव्हतं. सांगायचं तर ते कुणाला ऐकू आलं नाही, तेही सांगावं लागलं असतं, आणि गौरीचं सगळं शिक्षण माझ्या खटपटीवर चाललं होतं. त्या दिवशी फोनवर महानंदा बोलत होती तेव्हा सहा वर्षांची गौरी तिच्या मांडीला खेटून बसली होती. तिनं आपल्या कानांनी ऐकलं होतं: हात मोडलेला असताना आई म्हणते, बरी हाय, येळवसला या. मी तिला विचारलं, तो फोन तुला आठवतो का.

"मला वाटायचं आई तुम्हाला काही बोललीच नाही," गौरी हळू म्हणाली. "सणाचं आमंत्रण देत बसली."

"बोलली होती," मी म्हटलं. "आमचं ठरलेलं वाक्यच होतं ते. मीच ठरवलं होतं. तिनं बरोबर सांगितलं, सासूसमोर सांगितलं, लवकर या असंही सांगितलं. तुम्ही पायरीवर बसलात तेव्हा मी दुसऱ्याच्या शेतात भज्जी खात होते. तुझी आई गप्प बसली नव्हती, गौरी. मी ऐकलं नाही."

गौरी माझ्याकडं बघत नव्हती. ती आईकडं बघत होती, कितीतरी वेळ. महानंदानं पळी घेण्यासाठी उजवा हात पुढं केला, तर गौरीनं तो मनगटाशी धरला आणि तसाच धरून ठेवला. मग पळी स्वतः घेतली. आईला वाढलं, स्वतःला वाढलं, मला वाढलं. चौथ्या ताटातही भरपूर भज्जी वाढली, दोन उंडे ठेवले, आणि तेही माझ्यापुढं सरकवलं.

"दोन्ही संपवा," म्हणाली.

महानंदा म्हणाली, "असू दे गं, वयस्कर मानूस हाय." पण ताट तिनंही उचललं नाही.

मी दोन्ही ताटं संपवली. बराच वेळ लागला. त्या दोघी थांबल्या.